चिमुकल्या लढायांचा सेनापती

दिवाळीची सुटी लागली की अंगणाच्या कोपऱ्यात किल्ल्याचे काम सुरू होते. दगड-विटा रचायच्या, त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट अंथरायचे, अळीव पेरायचे, बुरूज उभारायचे आणि मग वर्षभर जपून ठेवलेले मातीचे मावळे जागोजागी पहाऱ्यावर बसवायचे. या उद्योगात मुलांना तहानभुकेचीही आठवण राहत नाही. असा किल्ला म्हणजे एक लहानसे जगच असते. ते आपल्या हातांनी घडवलेले असते, म्हणून त्यावर आपला जीव जडतो.

असेच लहानसे जग घरातील जमिनीवर मांडण्याचा छंद इंग्लंडमधील एका थोर लेखकास होता. त्या वेळी ते काही लहान नव्हते. त्यांनी चाळिशी ओलांडली होती, त्यांच्या ग्रंथांची कीर्ती देशोदेशी पसरली होती. तरीही दुपारच्या वेळी हे गृहस्थ आपल्या दोन मुलांसह गुडघे टेकून बसत आणि लाकडी ठोकळ्यांची गावे व फळ्यांच्या टेकड्या रचण्यात रंगून जात. या लेखकाचे नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स. काळातून प्रवास करणारे यंत्र, कोणाला न दिसणारा माणूस, मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेले प्राणी अशा अद्भुत कल्पना ज्यांनी कादंबऱ्यांतून मांडल्या, तेच हे वेल्स.

हर्बर्टचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ली या गावी झाला. घरात सारे त्याला बर्टी म्हणत. त्याचे वडील जोसेफ वेल्स यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे छोटेसे दुकान होते. वडील उत्तम गोलंदाज होते. १८६२ साली केंट परगण्याकडून खेळताना त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. दुकानात भांड्यांबरोबर ते क्रिकेटचे साहित्यही विकत. परंतु दुकान कसेबसेच चाले आणि संसाराची तोंडमिळवणी करताना आई सारा हिच्या नाकी नऊ येत.

बर्टी सात वर्षांचा असताना एक अपघात घडला. क्रिकेटच्या मैदानावर एका ओळखीच्या तरुणाने त्याला कौतुकाने वर उडवले. पण झेलताना त्याचा हात चुकला. बर्टी तंबूच्या खुंटीवर आदळला आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. कित्येक आठवडे त्याला अंथरुणावर पडून राहावे लागले. त्याचे मन रमावे म्हणून वडील त्याच्यासाठी पुस्तके आणू लागले. दूरचे देश, तेथील पशुपक्षी, इतिहासातील लढाया हे सारे पुस्तकांच्या पानांतून त्या अंधाऱ्या घरात येऊ लागले. पाय बरा झाला. वाचनाचे वेड मात्र कायमचे जडले. पुढे वेल्स त्या अपघाताला आपल्या आयुष्यातील मोठे भाग्यच मानीत.

वाचलेल्या लढाया बर्टीच्या डोक्यात घोळू लागल्या. बारा-तेरा वर्षांचा हा किरकोळ अंगाचा मुलगा गावाबाहेर एकटाच फिरायला जाई. वाटेने जाणाऱ्याला तो एक साधा शाळकरी पोर दिसे. पण मनातल्या मनात तो मोठा सेनापती झालेला असे. समोरच्या टेकडीमागे त्याचे घोडदळ दबा धरून बसलेले असे, शेताच्या बांधाआड त्याच्या तोफा सज्ज असत आणि प्रत्येक लढाईत जय त्याचाच होई. ब्रॉम्लीच्या परिसरातील एकही टेकडी अशी राहिली नसेल की जिच्यावर त्याने मनाने युद्ध केले नाही. या पोरकट स्वप्नांची आठवण वेल्स यांनी शेवटपर्यंत ठेवली. ती का ठेवली, हे आपण पुढे पाहू.

१८७७ साली वडिलांच्या मांडीचे हाड मोडले आणि त्यांचे क्रिकेट संपले. मिळकत आणखी घटली. १८८० साली आईने ससेक्समधील अपपार्क नावाच्या एका मोठ्या वाड्यात कारभारणीची नोकरी धरली. त्या वाड्याच्या माळ्यावर बर्टीला एक खजिना सापडला. धुळीने माखलेल्या एका पेटीत पितळी नळ्या आणि काचा अशी सुटी सामग्री पडली होती. इतरांच्या लेखी ती अडगळच होती. बर्टीने ते तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले, तेव्हा त्यांतून एक दुर्बीण तयार झाली! रात्री खिडकी उघडून चंद्रावरील खळगे न्याहाळीत बसलेला मुलगा पाहून आई चकित झाली. त्याच वाड्यात हिवाळ्यात बर्फामुळे अडकून पडला असता त्याने एक छोटेसे खेळण्यातील नाट्यगृह रचले आणि वाड्यातील दासींना सावल्यांची नाटके करून दाखवली. टाकाऊ वस्तूत नवे काय दडले आहे ते ओळखण्याची दृष्टी त्याला अशी लहानपणीच लाभली होती.

पण पोटाचा प्रश्न दुर्बिणीने सुटत नव्हता. आईच्या मते कापड दुकानातील नोकरीसारखी प्रतिष्ठेची दुसरी नोकरी नव्हती. म्हणून १८८१ साली बर्टीला साउथसी येथील एका मोठ्या कापड दुकानात शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दिवसाचे तेरा तास काम, रात्री इतर उमेदवारांबरोबर एका लांबट खोलीत झोप, आणि वाचायला क्षणाचीही फुरसत नाही. दोन वर्षे त्याने हे सोसले. अखेरीस एका रविवारी तो पहाटेच उठला आणि उपाशीपोटी सतरा मैल चालत अपपार्कला आईपुढे जाऊन उभा राहिला. आपल्याला शिकायचे आहे, दुकानात परत जायचे नाही, हे त्याने तिला निक्षून सांगितले. उमेदवारीसाठी आईने काटकसरीने साठवलेले पैसे भरले होते. ते बुडणार होते. तरीही मुलाचा निश्चय पाहून शेवटी तिचे मन वळले.

१८८३ साली मिडहर्स्ट येथील शाळेत तो शिकता शिकता शिकवणारा विद्यार्थी-शिक्षक झाला. तेथे त्याने इतका झपाट्याने अभ्यास केला की पुढच्याच वर्षी त्याला लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. शिष्यवृत्ती आठवड्याला अवघी एक गिनी होती. त्यात दोन वेळचे पुरेसे अन्नही मिळत नसे. परंतु जीवशास्त्र शिकवायला थॉमस हक्स्ली यांच्यासारखे विख्यात शास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या व्याख्यानांपुढे वेल्स यांना भुकेची पर्वा वाटत नसे. पुढे भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत अपयश आले. मग शिक्षकाची नोकरी, खेळताना मूत्रपिंडास झालेली जबर दुखापत, खोकल्यातून पडणारे रक्त अशी संकटामागून संकटे आली. तरी खचून न जाता १८९० साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी मिळवलीच. १८९३ साली प्रकृती पुन्हा इतकी ढासळली की वर्गात उभे राहून शिकवणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी लेखणी हाती धरली.

१८९५ साली त्यांची ‘टाइम मशीन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि वेल्स हे नाव घरोघरी जाऊन पोहोचले. १८९८ साली ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. मंगळावरील प्राण्यांनी इंग्लंडवर केलेल्या स्वारीची ही कथा लिहिताना वेल्स वोकिंग गावाभोवती सायकलवरून हिंडत आणि कोणते घर, कोणता रस्ता, कोणता पूल या स्वारीत उद्ध्वस्त करायचा याची टिपणे काढीत. ब्रॉम्लीच्या टेकड्यांवर लढाया खेळणारा बर्टी अजून त्यांच्या मनात जिवंत होता, तो असा.

पैसा आणि कीर्ती लाभल्यावर वेल्स यांनी समुद्रकाठच्या सँडगेट या गावी घर बांधले. १९०१ साली थोरला मुलगा जॉर्ज फिलिप आणि १९०३ साली धाकटा फ्रँक यांचा जन्म झाला. मुले खेळण्याजोगी झाली, तेव्हा वडिलांचाही खेळ पुन्हा सुरू झाला.

मुलांच्या खेळासाठी वेल्स यांना उंची खेळणी नको होती. दुकानांत मिळणाऱ्या चिमुकल्या, रंगीबेरंगी विटांचा तर त्यांना तिटकाराच होता. त्यांतून धड एक भिंतही उभी राहत नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या मुलांकडे होते साधे, भक्कम, लाकडी ठोकळे. पूर्ण ठोकळा साडेचार इंच लांब व सव्वादोन इंच रुंद असे; त्याचेच अर्धे आणि पाव तुकडेही असत. हे ठोकळे मुळी या मुलांसाठी घडवलेलेच नव्हते. ते दुसऱ्या मुलांचे होते. ती मुले मोठी झाली आणि त्यांची ही दौलत वेल्स यांच्या घरी आली. पाव ठोकळ्याला त्या आधीच्या मालकांनी लाडाने ठेवलेले नावही ठोकळ्यांबरोबरच वारशाने आले. एका मुलाच्या हातून दुसऱ्या मुलाच्या हाती गेल्याने खेळण्याची किंमत घटत नाही, उलट त्याच्या अंगी नव्या खेळाची शक्यता येते, हे वेल्स जाणत होते.

ठोकळ्यांच्या जोडीला सुताराकडच्या फळ्या, शिशाचे शिपाई आणि किल्ली दिली की धावणारी आगगाडी व तिचे रूळ एवढेच भांडवल असे. जमिनीवर साधे, हिरवे, नक्षी नसलेले अंथरूण घातलेले असे; त्यावर शिपाई नीट उभे राहत आणि खडूच्या रेघाही स्पष्ट उमटत. एखाद्या दिवशी ही जमीन म्हणजे समुद्र होई आणि फळ्या म्हणजे त्यातील बेटे. बागेतल्या डहाळ्या खोचल्या की बेटावर रान उगवे. ठोकळे रचले की देऊळ उभे राही. मऊ रंगीत मातीचे गोळे वळून त्यावर नक्षी चढे. मग जहाजे निघत, नवी बेटे शोधली जात आणि व्यापार सुरू होई.

दुसऱ्या दिवशी तेथेच शहर वसे. परंतु शहर एक नसे. शेजारी शेजारी दोन असत. कारण दोघाही भावांना नगराध्यक्ष व्हायचे असे! प्रत्येकाने आपले नगर आपल्या मनाप्रमाणे वसवावे, त्यात दुसऱ्याने लुडबुड करू नये, असा दंडक होता. आगगाडीचे रूळ मात्र दोघांचे सामाईक. कोणत्याही नगरातून सुटलेली गाडी दुसऱ्या नगरातून फिरून, कोणाची मनधरणी न करता, आपल्या स्थानकावर परत आली पाहिजे, अशा रीतीने ते रूळ टाकलेच पाहिजेत, असा दुसरा दंडक होता. पहा, केवढे शहाणपण या दोन नियमांत सामावले आहे! आपापल्या घरात ज्याने त्याने स्वतंत्र राहावे. पण एकमेकांकडे जाण्याच्या वाटा सर्वांना खुल्या असाव्यात.

या नगरांत राहायला माणसे मात्र मिळत नसत. दुकानात जावे तर शिपाईच शिपाई! खाटीक, भटारी, दुकानदार, न्यायाधीश, रस्त्याने जाणारे-येणारे साधे नागरिक विकत मिळावेत, तर त्यांची पेटी कोठेच नसे. वेल्स यांना याचे फार वाईट वाटे. केवळ संचलन करणाऱ्या सैनिकांनी गाव गजबजत नाही. गाव गजबजते ते काम करणाऱ्या माणसांनी, असे त्यांचे म्हणणे होते. या सर्व खेळांचे वर्णन करणारे ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केले.

मग लढाईचा खेळ सुरू झाला तो कसा? त्या काळी खेळण्यातील एक स्प्रिंगची तोफ मिळू लागली होती. तिच्यातून सुमारे इंचभर लांबीची लाकडी गोळी नेमकी नेम धरून उडवता येई. एकदा सँडगेटच्या घरी वेल्स यांचे एक लेखकमित्र जेवायला आले होते. जेवणानंतर जवळच्या मेजावर ठेवलेली ती तोफ पाहून त्यांना मोह आवरेना. त्यांनी एक शिपाई समोर उभा केला, नेम धरला आणि त्याला आडवा केला. लगेच पैजा लागल्या. दोन प्रौढ माणसे चुरशीने शिपाई पाडू लागली. पण नुसत्या नेमबाजीत कसली आली लढाई? शिपायांना दडायला आडोसा हवा, चढायला टेकडी हवी. प्रथम ज्ञानकोशाचे जाडजूड खंड कपाटातून खाली आले आणि त्यांचे डोंगर झाले!

पुढे मुलूख अधिक हुबेहूब होऊ लागला. फळ्यांवर फळ्या ठेवून टेकड्या उभ्या राहिल्या. फळ्यांना भोके पाडून त्यांत डहाळ्या खोचल्या, की झाडी तयार होई. खडूने नदी काढली जाई. पुठ्ठा आणि कागद कापून, चिकटवून, त्यावर दारे-खिडक्या रंगवून घरे बनत. या घरांपायी एक गमतीदार अडचण उद्भवली. घर आतून पोकळ असले की त्यात किती शिपाई मावतात आणि आत कोण जिवंत आहे, यावर वाद माजे. तेव्हा घरांच्या पोटात लाकडी ठोकळे भरून ती भरीव करण्यात आली आणि वाद मिटला. वस्तू नुसती सुंदर असून भागत नाही, ती खेळाच्या उपयोगीही पडली पाहिजे, हा कारागिरीतला धडा वेल्स यांना असा मिळाला.

या खेळाचे नियमही त्यांनी पुष्कळ विचार करून बसवले. पायदळाने एका खेपेस एक फूट सरकावे, घोडदळाने दोन फूट. तोफेजवळ चार माणसे असल्यावाचून ती डागू नये किंवा हलवू नये. प्रत्येक खेळी घड्याळ लावून करावी, म्हणजे कोणी विचार करीत बसून राहणार नाही. डाव मांडताना दोन्ही सैन्यांमध्ये पडदा धरावा, म्हणजे प्रतिपक्षाची मांडणी आधी कळणार नाही. सर्वांत सुंदर नियम मुलूख मांडण्याचा होता. एका खेळाडूने सारा मुलूख मांडायचा आणि कोणत्या बाजूने लढायचे ते दुसऱ्याने निवडायचे. ज्याला कोणती बाजू वाट्याला येणार हे ठाऊक नाही, तो मुलूख मांडताना अन्याय कसा करील? भावाभावांत खाऊची वाटणी करताना एकाने भाग पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे, त्यातलाच हा न्याय. हातघाईच्या लढाईचा नियमही विचार करण्याजोगा आहे. सारख्या संख्येची दोन पथके एकमेकांस भिडली, तर दोन्हींतील सर्व शिपाई पटावरून उठत. जिंकणारा कोणीच उरत नसे.

१९१३ साली ‘लिटल वॉर्स’, म्हणजे ‘चिमुकल्या लढाया’, हे पुस्तक निघाले. बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे, असे वेल्स यांनी मुखपृष्ठावरच गमतीने जाहीर केले होते. आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींनाही त्यात आमंत्रण होते. आज असे वेगळे आमंत्रण देण्याची गरज कोणालाही वाटणार नाही.

पुस्तकाच्या शेवटी मात्र वेल्स गंभीर होतात. त्यांच्याबरोबर हा खेळ खेळायला कधीकधी लष्करी अधिकारीही बसत. पण शे-दोनशे शिशाचे शिपाई आणि थोडेसे सोपे नियम सांभाळताना त्यांचीही तारांबळ उडे. खेळातल्या एवढ्याशा लढाईत जर इतके घोटाळे होतात, तर लाखो जिवंत माणसांच्या खऱ्या युद्धात किती होत असतील? ते युद्ध कोणाच्याही बुद्धीच्या आवाक्यात राहणे शक्य नाही. खेळातील शिपाई आडवा झाला, तर संध्याकाळी पुन्हा पेटीत जाऊन झोपतो. त्याची आई वाट पाहत नसते. म्हणून ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे, त्यांना एका खोलीत कोंडावे, त्यांच्यापुढे ही खेळणी ठेवावी आणि बाकीच्या जगाला सुखाने नांदू द्यावे, अशा आशयाचा विचार त्यांनी तेथे मांडला.

पुस्तकाला एक वर्ष होते न होते तोच, १९१४ च्या उन्हाळ्यात पहिले महायुद्ध पेटले. आणि येथे वेल्स यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला. युद्ध किती आंधळे असते हे ज्यांनी नुकतेच सांगितले होते, त्याच वेल्स यांनी या युद्धाचा जोरदार पुरस्कार केला! जर्मनीची लष्करशाही एकदा मोडली की पुन्हा युद्धच होणार नाही, जगातील युद्धाचा शेवट करणारे हे युद्ध आहे, असे त्यांना मनापासून वाटले आणि तसे त्यांनी लिहिले. १९१६ साली इटली व फ्रान्समधील युद्धभूमी त्यांनी स्वतः पाहिली. तेथील घरे पुठ्ठ्याची नव्हती. १९१८ साली युद्ध थांबले, तेव्हा कोट्यवधी माणसे मेली किंवा जायबंदी झाली होती; आणि युद्धाचा शेवट मात्र झाला नव्हता. आपला अंदाज चुकला, हे वेल्स यांना उमगले. थोर माणसेही चुकतात. चूक ध्यानी आल्यावर ती काय करतात, यावरून त्यांची पारख होते.

वेल्स यांनी उरलेले आयुष्य एका कामाला वाहिले. राष्ट्रांनी आपसांत भांडू नये, सर्वांनी मिळून एक जागतिक व्यवस्था निर्माण करावी, हा विचार ते अखंड मांडीत राहिले. राष्ट्रांमधील वैराचे मूळ प्रत्येक देशात शिकवल्या जाणाऱ्या संकुचित इतिहासात आहे, असे त्यांना वाटे. म्हणून १९१९-२० मध्ये त्यांनी साऱ्या मानवजातीचा मिळून एक इतिहास लिहिला. या ग्रंथात आपल्या सम्राट अशोकाला त्यांनी फार मोठे स्थान दिले आहे. पराभव झाल्यावर शस्त्र खाली ठेवणारे राजे पुष्कळ. परंतु विजय मिळाल्यावर, कलिंगातील संहार पाहून, युद्धाचाच त्याग करणारा अशोकासारखा राजा इतिहासात दुसरा नाही, असा त्यांचा अभिप्राय होता.

१९३४ साली वेल्स यांनी आत्मचरित्र लिहिले. त्यात ब्रॉम्लीच्या टेकड्यांवरील त्या काल्पनिक लढायांची हकीकत आहे. तेरा वर्षांच्या मुलाने मनात सैन्ये नाचवावीत, यात काही वावगे नाही. पण त्या वयातून त्याने बाहेर पडले पाहिजे, असे ते सांगतात. त्याच सुमारास जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. आपण तेराव्या वर्षी जी स्वप्ने पाहिली आणि मागे टाकली, तीच या माणसाच्या रूपाने खरी होऊन समोर उभी आहेत, हे वेल्स यांनी ओळखले. त्यांचे भय निराधार नव्हते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. लंडनवर बाँब पडत असतानाही वृद्ध वेल्स आपले घर सोडून गेले नाहीत. १९४० साली मानवी हक्कांची एक सनद जगापुढे मांडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९१४ साली आपल्या एका कादंबरीत त्यांनी अणुबाँबची कल्पना केली होती. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ती हिरोशिमात खरी ठरलेली त्यांना पाहावी लागली. त्यानंतर एका वर्षाने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, लंडन येथे त्यांचा देहान्त झाला.

जमिनीवर नगरे वसवणाऱ्या त्या दोन मुलांपैकी जॉर्ज फिलिप नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि फ्रँकने चित्रपटांच्या क्षेत्रात काम केले. वडिलांचा खेळही मागे उरला. आज जगातील अनेक देशांत मुले आणि मोठी माणसे मेजावर लहानशी रणभूमी मांडून हा खेळ खेळतात. पूर्वी शिपाई शिशाचे असत; शिसे विषारी असल्याने आता ते बहुधा प्लॅस्टिकचे किंवा दुसऱ्या धातूंचे करतात. या खेळातील हौशी कारागीर जुन्या बाजारातून मोडकी, टाकून दिलेली खेळणी विकत आणतात. एखाद्या तुटक्या गाडीचे चाक विहिरीचा कठडा होते, बाहुलीच्या घराची भिंत पडका वाडा होते, खोक्याच्या पुठ्ठ्यातून पूल उभा राहतो. आधी वस्तू स्वच्छ धुवायची, डिंकाने तुकडे जोडायचे, सगळीकडे एकसारखा गडद रंग द्यायचा आणि वाळल्यावर उंचवट्यांवर फिक्या रंगाची कोरडी कुंचली हलकेच फिरवायची. मग कालचे खेळणे शंभर वर्षांच्या दगडासारखे दिसू लागते.

हे सारे पाहून वेल्स यांना आनंद झाला असता. कारण त्यांच्या लेखी या खेळाची खरी गोडी शिपाई पाडण्यात नव्हती. एका दुपारच्या लढाईसाठी मुलूख मांडायला कितीतरी वेळ लागे; त्या मेहनतीत त्यांना सुख होते. उद्ध्वस्त करायला क्षण पुरतो, उभारायला धीर लागतो. येत्या दिवाळीत तुम्ही किल्ला बांधाल, त्यावर मावळे बसवाल, कदाचित शेजारच्या किल्ल्याशी लढाईही खेळाल. खुशाल खेळा. खेळ संपला की मावळे पुसून जपून पेटीत ठेवा, आणि दोन्ही किल्ल्यांच्या मध्ये एक वाट मात्र मोकळी ठेवा.